व्हाइट विडो: आई ब्राझीलची, बाप केरळचा

कालव्याकाठचा (धागाकर्ता)

नेदरलँड्सला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत ट्यूलिप, पवनचक्क्या आणि चीज ठरलेलं. यादीत न लिहिलेला एक प्रश्नही ठरलेलाच. जेवणं झाली, पोरंटोरं झोपली की हळूच येतो: "ते कॉफीशॉप प्रकरण नक्की काय असतं हो?" कॉफीशॉप म्हणजे इथलं गांजा मिळण्याचं दुकान. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकावं म्हणून हा धागा. ओढा असं सांगायचं नाही, ओढू नका असं प्रवचनही झोडायचं नाही.

गांजाच्या सगळ्या वाणांवर लिहायला बसलो तर ग्रंथ होईल, म्हणून एकच घेतो. व्हाइट विडो. (नावाला हसू नका, या धंद्यात याहून भयंकर नावं आहेत.) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे वाण इथे तयार झालं, ॲमस्टरडॅमच्या ग्रीन हाउस या बियाणे कंपनीने बाजारात आणलं, आणि १९९५ च्या कॅनबिस कपमध्ये, म्हणजे तेव्हा ॲमस्टरडॅमला भरणाऱ्या गांजाच्या स्पर्धेत, पहिलं आलं. तेव्हापासून कॉफीशॉपच्या मेन्यूत ते हमखास दिसतं. श्रेय कुणाचं यावर मात्र भांडण आहे. एक दावेदार 'शांतीबाबा' या नावाने वावरणारा ऑस्ट्रेलियन, दुसरा एक डच ब्रीडर. दोघांचे चाहते तीस वर्षं झाली तरी हातघाईवर येतात.

वंशावळ सांगतात ती अशी: आई ब्राझीलची, सटाइव्हा. बाप दक्षिण भारतातला, केरळच्या डोंगरातला, 'इंडिका अंगाचा'. (सटाइव्हा आणि इंडिका हे बाजारातले गांजाचे दोन प्रकार.) दोन्हींचा संकर म्हणून हायब्रीड.

पांढरं कशामुळे? फूल भिंगाखाली धरा. फुलावर आणि त्याला चिकटून असलेल्या बारक्या पानांवर राळेच्या ग्रंथी दाटीवाटीने उभ्या असतात. बारीक देठ, वर गोल डोकं. आधी ही डोकी काचेसारखी आरपार दिसतात, मग दुधाळ होतात, आणखी पिकली की पिवळट तपकिरी. टीएचसी (ज्याने चढतं ते द्रव्य), सीबीडी (त्याचंच न चढणारं भावंड), वास देणारी टर्पीन्स, सगळा ऐवज या डोक्यांत. फूल चुरगाळलं की बोटं चिकट होतात आणि तो वास साबणाने एका धुण्यात जात नाही. ओलं लाकूड, माती आणि मागून मिऱ्याची झणझण. ही झणझण ज्या कॅरिओफिलीनमुळे येते ते आपल्या मिरी-लवंगेतही असतं.

परिणाम कसा? काउंटरवरचा मुलगा सांगेल: आधी डोक्यात चढतं, माणूस बोलका होतो, फालतू विनोदावर खिदळतो, गाणं जरा जास्तच कळायला लागतं. तासाभराने अंग सैल पडतं, सोफा सोडवत नाही. ओढल्यावर काही मिनिटांत सुरुवात, अर्ध्या तासाच्या आत शिखर, दोन-तीन तासांत ओसरती कळा. तो हे सांगत नाही की याच काळात नाडी जोरात धावते, तोंडाला कोरड पडते, डोळे लाल होतात आणि चालू वाक्य कुठे निघालं होतं ते मध्येच हरवतं. व्हाइट विडोत टीएचसी भरपूर, सीबीडी जवळपास नाहीच. नवख्याला हसू येण्याऐवजी भीतीने घाम फुटण्याची शक्यता चांगलीच.

मेन्यूवर रकाने असतात: इंडिका, सटाइव्हा, हायब्रीड. समीकरण पाठ करून घेतात की इंडिका झोपवते, सटाइव्हा उठवते, हायब्रीड म्हणजे दोन्हींचा सुवर्णमध्य. माझं मत, हे समीकरण दुकानदारीचं आहे. जाणकारांनी भर घालावी, चिरफाडही चालेल.

---

खारीबटर

शांतीबाबा! ऑस्ट्रेलियन! नाशिकच्या सिंहस्थात आला असता तर एव्हाना स्वतःचा आखाडा निघाला असता.

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सातारी_तडका

हे असले धागे कशाला काढता? इथे कॉलेजची पोरं वाचतात. तुम्ही तिकडे कालव्याकाठी बसून भिंगं लावा, इकडे उसाच्या फडात गांजाच्या चार सऱ्या लावल्या म्हणून आमच्या तालुक्यातला एक बापई आत गेलाय. मोजणीला पोलीस, पंच, तलाठी, अख्खं गाव. बायको वकिलाच्या पायऱ्या झिजवतीय. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, इंडिका होतं का सटाइव्हा.

---

कालव्याकाठचा

तडकाभाऊ, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. कायद्याचं कुणीतरी लिहीलच. पण पोरं हे इथे नाही वाचली तरी रीलवर बघतातच, आणि तिथे फक्त 'चढतं कसं' एवढंच असतं.

---

बीजगुणन

राहुरीला शेती शिकलो, बियाण्यांत काम करतो, म्हणून 'हायब्रीड' या शब्दाचा इथला वापर पाहून जीव तळमळला.

आमच्याकडे हायब्रीड म्हणजे दोन शुद्ध केलेल्या वाणांचा मुद्दाम केलेला संकर आणि त्याची पहिली पिढी. शेतभर ताटं एका उंचीची, एका दिवशी निसवणारी. दुसऱ्या वर्षी घरचं बी पेरलं की फाटाफूट होते, म्हणून पिशवी दर वर्षी विकत. गांजाचं झाड नर वेगळं, मादी वेगळी. शुद्ध वाण करायला पिढ्यानपिढ्या निवड लागते, ती कुणी करायची? दशकानुदशकं सगळं चोरून. नोंदणी नाही, टॅग नाही, उगवणक्षमतेची हमी नाही. त्यामुळे कॉफीशॉपवाले ज्याला हायब्रीड म्हणतात ते बहुतेक वेळा 'कशाचं तरी कशाशी तरी' एवढंच. एकाच पाकिटातल्या बियांची झाडं बहिणी-बहिणी असतात, एकसारखी नसतात.

मग तोच माल पुन्हा कसा मिळतो? आवडलेली मादी जपून ठेवायची आणि तिच्या फांद्या तोडून रुजवायच्या. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, कलमच लागतं, तोच हिशेब. पण कलम हातोहात फिरतं, हरवतं, त्याच नावावर दुसरंच विकलं जातं. त्याला फसवणूक म्हणावी तरी तक्रार कुठे करणार?

कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जनुकं तपासली, तेव्हा एकाच नावाचे नमुने कित्येकदा एकमेकांपेक्षा भलत्याच नावांच्या जवळचे निघाले. २०२१ मध्ये डलहौझी विद्यापीठाच्या गटाने नेदरलँड्समधले नमुने घेऊन पुन्हा पाहिलं. इंडिका-सटाइव्हा या लेबलांचा एकूण जनुकीय नात्याशी फारसा मेळ नव्हता, मेळ होता तो मोजक्या टर्पीन्सशी. मातकट वासाचा, मिर्सीनवाला माल असला की इंडिका. गोडसर, फार्नेसीन-बर्गामोटीनवाला असला की सटाइव्हा. थोडक्यात, लोक वास घेऊन लेबल चिकटवत आले.

---

कोचीचा_पाहुणा

नोकरीनिमित्त मुक्काम केरळात, म्हणून 'बापा'बद्दल दोन शब्द.

इडुक्कीच्या डोंगरातला गांजा 'इडुक्की गोल्ड' नावाने जगभरच्या हिप्पींना माहीत होता. पण ती झाडं उंच, लांब आणि अरुंद पानांची, उशिरा फुलणारी. आजच्या बाजारभाषेत ती चक्क सटाइव्हा ठरतात! ज्याला बाजार इंडिका म्हणतो ते बुटकं, रुंद पानांचं झाड अफगाणिस्तान-हिंदुकुश भागातलं. गंमत अशी की लामार्क या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये इंडिका हे नाव दिलं ते भारतातून गेलेल्या अरुंद पानांच्या नमुन्यांवरून. म्हणजे केरळचा बाप लामार्कच्या हिशेबाने इंडिका, मेन्यूकार्डाच्या हिशेबाने सटाइव्हा, आणि बियाण्याच्या कॅटलॉगात पुन्हा 'इंडिका अंगाचा'. एकतर तो शुद्ध केरळी नव्हता, किंवा वंशावळ सांगणाऱ्याने ऐनवेळी रंग भरला.

आता इडुक्कीत तसं काही उरलेलं नाही. पोलीस आणि एक्साइजने डोंगरातली लागवड उपटून काढली. इथे पकडतात तो बहुतेक आंध्र-ओडिशा सीमेवरून आलेला, 'शीलावती' नावाचा. महाराष्ट्रात येतो तोही बराचसा त्याच डोंगरातून.

---

खारीबटर

म्हणजे जगप्रसिद्ध विधवेच्या सासरचा पत्ताच चुकीचा. खिक्क.

---

डॉ_निवांत

मानसोपचारात आहे. ओपीडी आटपून लिहितोय, लांबेल.

जनुकांचं बीजगुणन यांनी उत्तम सांगितलं. रुग्णासमोर बसल्यावर मला वाणाचं नाव फारसं उपयोगी पडत नाही. मी विचारतो: टीएचसी किती, किती वेळा, कोणत्या वयापासून, ओढलं की खाल्लं, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का.

टीएचसीचं प्रमाण ही मोठी भानगड आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. नेदरलँड्समध्ये ट्रिम्बोस संस्था कॉफीशॉपमधून नमुने घेऊन दर वर्षी मोजते. देशी डच गांजा २००० मध्ये ९ टक्क्यांच्या आतबाहेर होता, २००४ मध्ये २० टक्क्यांवर गेला, मग थोडा उतरला. व्हाइट विडो आणि तिची पिलावळ याच काळातली. वडीलधारे 'आम्ही पण कॉलेजात ओढायचो, काही झालं नाही' म्हणतात तेव्हा ते भलत्याच मालाबद्दल बोलत असतात.

२०१९ मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत युरोपातल्या अनेक शहरांचा अभ्यास आला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. संशोधकांचा अंदाज असा की असा तीव्र माल नसता तर ॲमस्टरडॅममधल्या सायकोसिसच्या नव्या रुग्णांपैकी निम्मे टळले असते. असे अभ्यास कारण शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण रोजचा वापर, तीव्र माल आणि कोवळं वय हे त्रिकूट एकत्र आलेलं मी खुर्चीसमोर पाहतो आणि मला आकडेवारीची गरज उरत नाही.

सीबीडीबद्दल. डच औषधी गांजा डॉक्टरच्या चिठ्ठीवर २००३ पासून मिळतो. त्यात बेड्रोकॅन नावाच्या प्रकारात २२ टक्के टीएचसी आणि १ टक्क्याहून कमी सीबीडी, तर बेडिओलमध्ये टीएचसी ६.३ आणि सीबीडी ८ टक्के. इंडिका-सटाइव्हापेक्षा हा फरक कितीतरी जास्त काही सांगतो. तिथे प्रत्येक डब्यातलं प्रमाण तपासून ठरलेलं असतं. दुकानातल्या 'व्हाइट विडो'बद्दल तसं म्हणता येत नाही.

आणि एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात. पोट, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. माणूस दिवसातून कितीदा तरी कडकडीत पाण्याने आंघोळ करतो, कारण तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ही गरम पाण्याची गोष्ट रुग्णाच्या आईने सहज सांगितली की आमची ट्यूब पेटते. उपाय एकच, पूर्ण बंद.

---

टोरांटोची_मीनल

डॉक्टरसाहेब, खाण्याबद्दल मी लिहिते, कारण इथे येणारे पाहुणे तिथेच फसतात.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर. दुकान औषधाच्या दुकानासारखं पांढरंफटक. पाकीट साधं, त्यावर पानाचं चित्र असलेलं लाल चिन्ह, आणि बराच काळ आकडे दोन असायचे: 'टीएचसी' आणि 'एकूण टीएचसी'. फुलात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं, ते चढत नाही. उष्णता दिली की त्याचं टीएचसी होतं, म्हणून हा दुसरा, मोठा आकडा. ओढणाऱ्याने तोच बघायचा. लोक पहिला बघायचे आणि म्हणायचे, काय किरकोळ आहे!

गमीज, चॉकलेट वगैरेंच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. नवख्याने अडीचपासून सुरुवात करावी असं दुकानातच सांगतात. खाल्लेलं चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, कारण ते यकृतातून फिरून येतं आणि तिथे त्याचं जे रूप होतं ते जास्त तगडं. आपला माणूस पाऊण तास वाट बघतो, "काय गं, लिंबाच्या गोळ्या दिल्यास की काय" म्हणून आणखी दोन तोंडात टाकतो. पुढची सहा-आठ तासांची रात्र बाकीच्यांनी जागून काढायची. होळीला भांगेचं हेच होतं, फक्त तिथे कुणी मिलिग्रॅम मोजत नाही.

वाणांची नावं मात्र इथेही तीच. आमच्या ओळखीतल्या एकांना सटाइव्हा लिहिलेल्या पाकिटाने गाढ झोप लागते. ते आता तेच झोपेसाठी घेतात. दुकानदार काही बोलत नाही.

---

कलम_वीस

वकिली करतो, आयडीवरून कळलंच असेल.

सातारी_तडका यांनी सांगितलेल्या माणसाबद्दल. लागवडीला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ च्या कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वाण कोणतं, रानटी की संकरित, टीएचसी दोन टक्के की वीस, याने कायद्याला काडीचा फरक पडत नाही. बाळगण्यात फरक पडतो तो वजनाने. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोपासून 'व्यावसायिक'. चरस शंभर ग्रॅम आणि एक किलो. अल्पला एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यावसायिकला किमान दहा वर्षं, आणि जामीन म्हणजे दिव्य. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवलंय की मिश्रण असेल तर आतल्या निरुपद्रवी पदार्थासकट पूर्ण वजन धरायचं.

भांगेबद्दल हमखास विचारतात. केंद्राच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं आणि बिया येत नाहीत. म्हणून भांग तिथून सुटते. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय भांगही चालत नाही. उत्तरेत सरकारी ठेका पाहिला म्हणून इथेही चालतं असं समजू नये.

मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा 'हायड्रो' (मातीविना, पाण्यात वाढवलेला गांजा) सध्या सारखा पकडला जातो. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा खुला केला, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. मधल्या काळात आपल्याकडच्या पोराटोरांना 'फुकट ट्रिप, फक्त एक बॅग आणायची' अशी आमिषं दाखवली गेली. बॅगेत खाऊच्या पाकिटांत निर्वात पॅक केलेली हायब्रीड फुलं. पकडला जातो तो बॅगवाला, बॅग देणारा नाही.

---

सातारी_तडका

वकीलसाहेब, व्यक्तिगत निरोप करतो. त्या माणसाच्या घरच्यांना दाखवायचंय.

---

कलम_वीस

करा. पंचनाम्याची प्रत असेल तर सोबत ठेवा. झाडांचं वजन ओलं धरलं की वाळवून, मुळांसकट की शेंडे वेगळे करून, हे सगळ्यात आधी बघायचं.

---

खलाशी_दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत आहे. रॉटरडॅमला जहाज लागलं की पोरं शोअर लीव्हला (किनाऱ्यावरच्या सुट्टीला) सुटतात, आणि तिथे हे सगळं उघड मिळतं. धागाकर्ते, इथे कायदेशीर आहे की नाही ते एकदा नीट सांगा. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

कालव्याकाठचा

कायदेशीर नाही, सहन केलं जातं. १९७६ मध्ये इथल्या अफू कायद्यात 'कडक' आणि 'सौम्य' अशी विभागणी झाली. कॉफीशॉप अठरा वर्षांवरच्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत विकू शकतं, दुकानात पाचशे ग्रॅमहून जास्त साठा नको, दारू नको, जाहिरात नको. विनोद असा की पुढच्या दाराने विकायला मुभा आणि मागच्या दाराने माल आणणं गुन्हा. वर्षानुवर्षं हा तिढा होता, म्हणून व्हाइट विडो म्हणून काय येतं हे दुकानदारालाही खात्रीने माहीत नसायचं. आता दहा नगरपालिकांत प्रयोग चालू आहे, परवानाधारक उत्पादकांकडूनच माल घ्यायचा. ब्रेडा आणि टिलबर्गमध्ये डिसेंबर २०२३ ला सुरुवात झाली. तिथल्या पाकिटावर टीएचसी-सीबीडी छापलेलं असतं. रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅम त्या दहांत नाहीत.

तंबाखू मिसळून आत ओढायला २००८ पासून बंदी आहे, आणि ॲमस्टरडॅमच्या रेड लाइट भागात २०२३ पासून रस्त्यावर गांजा ओढायलाही. गाडी चालवणाऱ्यांसाठी लाळेची चाचणी, नंतर रक्ताची. मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम टीएचसी. सायकलवाल्यांनी फार खुश होऊ नये, ट्रॅमचे रूळ कुणाची वाट बघत नाहीत.

---

कलम_वीस

पुरवणी. एनडीपीएस कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. तिकडे ओढलं म्हणून इकडे कुणी धरल्याचं मी पाहिलेलं नाही. पण 'तिकडे चालतं' हा बचाव म्हणून कामाचा नाही.

---

खलाशी_दर्यावर्दी

धन्यवाद दोघांनाही. आमच्याकडे कंपनीची अचानक युरिन टेस्ट असते. पॉझिटिव्ह आला की थेट घरी, पुढचा करार विसरा. डॉक्टर, एकदाच ओढलं तर किती दिवस दिसतं?

---

डॉ_निवांत

टीएचसी चरबीत मुरतं, तिथून सावकाश बाहेर पडतं. कधीतरी एकदा घेणाऱ्याच्या लघवीत साधारण काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या कित्येक आठवडे. अमुक दिवशी नक्की निघून जातं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लिंबूपाणी, व्हिनेगर, बाजारातली 'डिटॉक्स' पेयं, यांनी चाचणी चुकवता येत नाही. पातळ केलेला नमुना लॅबला कळतो आणि तो बहुतेक ठिकाणी नापासच धरतात.

---

खारीबटर

व्हिनेगर पिणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा राव.